दातखिळी

भूल द्यायची सुई मी हातात घेतली आणि सुपडूमामाने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"काय झालं?"

"एक अट आहे," मामा म्हणाला.

खुर्ची मागे झुकलेली, तोंडावर दिव्याचा झोत, गळ्यात कागदी रुमाल. अशा अवस्थेत सहसा कुणी अटी घालत नाही. मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि खुर्ची सरळ केली. मामाने मांडी घालून बघितली, ती त्या खुर्चीत जमेना, तेव्हा पाय खाली सोडून तो म्हणाला, "दात जायच्या आधी मला एकदा दातखिळी खायची आहे."

मला वाटलं, घाबरून काहीतरी बरळतोय. दातखिळी बसते, ती कुणी खात नाही. कॉलेजात मला तिच्यावर दहा मार्कांचा प्रश्न आला होता.

हे दोन हजार अकराच्या एप्रिलमधलं. अमळनेरला माझा दवाखाना सुरू होऊन आठ महिने झाले होते. खाली खतांचं दुकान, वर मी. पेशंट बेताचे, खतांचा वास भरपूर. आणि बरोबर चोवीस दिवसांनी नाशिकच्या परागशी माझं लग्न होतं.

सुपडूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं आणि नावही सुपडूच ठेवलं. बासष्ट वर्षांचा, उंच, वाळलेला, मिशा मात्र झुपकेदार. सोळाव्या वर्षापासून तो गावातल्या गुलमोहर ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होता. मामी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. तेव्हापासून गॅसची टाकी बदलण्यापासून मला आलेल्या स्थळांची चौकशी करण्यापर्यंत आमच्या घरातलं सगळं मामाच बघायचा.

त्याच्या तोंडात अकरा दात उरले होते आणि अकराच्या अकरा हलत होते. हिरड्यांत पू, दर पंधरा दिवसांनी गाल सुजलेला. मी सगळं गणित मांडलं होतं. आज खालचे काढायचे, तीन दिवसांनी वरचे, आणि लग्नाच्या आत तात्पुरती कवळी. मांडवात भटजी पुकारतात, मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावं. तेव्हा बोळक्या तोंडाचा मामा फोटोत नको, असं मी आईला हसत हसत म्हणालेही होते. मामा तेव्हा शेजारच्या खोलीत पंखा दुरुस्त करत होता.

तर दातखिळी. मामाने मग ती मला समजावून सांगितली. वैशाखात बोरी नदीच्या वाळूत जत्रा भरायची, तिथे बन्सीबा नावाचा माणूस परात घेऊन बसायचा. गुळाचा पाक, त्यात सुंठ आणि खसखस. पाक जरा निवला की खुंटीला टाकायचा आणि दोरासारखा ओढायचा, परत खुंटीला टाकायचा, परत ओढायचा. ओढून ओढून सोन्याचा रंग आला की अडकित्त्याने तुकडे करून ते केळीच्या वाळलेल्या पानात गुंडाळायचे. तोंडात टाकली की आधी गोड, मग तिखट, आणि मग वरचे दात खालच्या दातांना जे धरायचे ते अर्धा तास सोडायचे नाहीत. म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं दातखिळी.

चौथीत असताना मामाने ती वर्गात खाल्ली आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. साहेबांनी त्यालाच उभं करून एकोणतीसचा पाढा विचारला. मामा दात आवळून उभा. साहेबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते सुंठेमुळे. साहेब विरघळले. गुरुजींना म्हणाले, या मुलाला पाढा येतो, पण स्वभाव फार भिडस्त आहे, याला मारू नका. गुरुजींनी पुढे वर्षभर मारलं नाही. मामाला एकोणतीसचा पाढा अजूनही येत नव्हता.

"कवळीला चिकटली तर कवळीच बाहेर येईल, प्रणिता," मामा म्हणाला. "माझ्या दातांनी खायची आहे. एकदाच. मग तू मला इथे बसव, मी हूं का चूं करणार नाही."

मी त्याला पाच दिवस दिले. गोळ्या सुरू केल्या, म्हणजे तोवर सूज चढणार नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणाली, तू फसलीस. लहानपणी देवी टोचायला माणसं आली तेव्हा हा दोन दिवस कडब्याच्या गंजीत लपून बसला होता, आमच्या आईने भाकरी टाकली की हात तेवढा बाहेर यायचा.

पण मला तो शोध आवडला होता. घरात रोज साड्या, याद्या, कुणाला बोलवायचं आणि कुणाला विसरायचं हेच चाललेलं. त्यापेक्षा दातखिळी बरी.

सुरुवात मी दवाखान्यातच केली. साठीच्या पुढचा पेशंट आला की त्याचं तोंड उघडायला लावायचं, त्यात आरसा घालायचा आणि विचारायचं, काका, तुम्हाला दातखिळी आठवते का, खायची? लोक तोंड उघडं ठेवून उत्तर द्यायचा प्रयत्न करायचे. एका रिटायर्ड तलाठ्याच्या तोंडात कवळीचं माप घ्यायचा मसाला भरलेला होता, तो निघायला दोन मिनिटं लागणार होती, आणि हा माणूस आठवणीने इतका पेटला की हातवारे करून त्याने अख्खी जत्रा उभी केली. मसाला काढल्यावर म्हणाला, हो तर, पांढरी असायची, बडीशेपेची. पुढचा म्हणाला काळी असायची, चिंचेची. एक आजी म्हणाल्या, दातखिळी म्हणजे गोळी नव्हेच, ते लाडू होते, आणि माझ्या सासऱ्यांचा एक दात त्यात अजून असेल.

दुपारी दवाखाना बंद करून मी स्कूटी काढायची आणि मामाला मागे बसवायची. चैत्रातल्या जत्रा गावोगाव चालू होत्या. मामाला कुठून कुठून बातम्या लागत. पारोळ्याच्या बाजूला एक जण विकतो म्हणे. धरणगावच्या आठवडी बाजारात कुणीतरी पाहिली म्हणे. आम्ही सगळीकडे गेलो. गुडीशेव खाल्ली, रेवड्या खाल्ल्या, चिंचेच्या गोळ्या खाल्ल्या, खडीसाखरेचा एक असा खडा खाल्ला की माझ्याच दाढेतलं सिमेंट निघालं. मामा प्रत्येक वस्तू डोळे मिटून तोंडात घोळवायचा, खुनाच्या खटल्याचा निकाल द्यावा तसा थांबायचा आणि म्हणायचा, "ही नव्हे."

पाच दिवसांचे नऊ झाले. उन्हाने माझं तोंड रापलं. आई म्हणाली नवरीला हळद कशाला लावायची, हिला डांबर लावा. मी आणि मामा यावर इतके हसलो की मामाला ठसका लागला. खरं सांगायचं तर वडील गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

पारोळ्याहून परत येताना एकदा मामाने मागून विचारलं, लग्नाला बँड कुणाचा सांगितलाय. मी पुढे बघत सांगितलं की परागच्या मित्रांना डीजे हवाय, नाशिकचाच आहे, ते लोकच आणणार आहेत, बँडबिंड आता कुणी लावत नाही रे. मामा बरं म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याने मला सांगितलं की समोरच्या खड्ड्याच्या डावीकडून घे.

दहाव्या दिवशी धागा सापडला. त्या दिवशी मामा बँडबरोबर चोपड्याकडे लग्नाला गेला होता. दवाखान्यात दाढ दाखवायला बेटावदची एक बाई आली. मी सवयीने विचारलं. ती म्हणाली, मला नाही माहीत, पण आमच्या गल्लीत द्वारकाबाई म्हणून आहेत, त्यांचं माहेर अमळनेरचं, आणि त्यांचे वडील जत्रेत गूळ ओढायचे असं त्या सांगतात.

मी बाईची दाढ साफ केली, पुढच्या दोन पेशंटना उद्या या म्हणून सांगितलं आणि दुपारच्या पॅसेंजरने बेटावदला गेले. बेटावद अर्ध्या तासावर. मामाला मुद्दामच कळवलं नाही. त्याचा चेहरा मला बघायचा होता.

द्वारकाबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, दंडाने मजबूत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी होती आणि त्यांच्या भुवयांवर सुद्धा पीठ होतं. मी बन्सीबांचं नाव घेतल्यावर त्यांनी गिरणी बंद केली. दातखिळी म्हटल्यावर त्या ओसरीवर बसल्याच. मग मी कोण, कुणाची, हे सांगताना सुपडूमामाचं नाव निघालं.

"सुपडू? क्लॅरनेटवाला?" द्वारकाबाई म्हणाल्या. "अवं माय, त्याने तुला इथे धाडलं?"

"इथे नाही. मीच शोधत आले. त्याला माहीत नाही."

"त्याला सगळं माहीत आहे. आमच्या बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, मयताला तो आला होता. आणि मागच्याच वर्षी इथे पाटलांच्या लग्नात वाजवायला आला, तेव्हा माझ्याकडे चहा पिऊन गेला. मीच त्याला म्हटलं होतं, दातखिळी बाबांबरोबर गेली, आता कुणी करत नाही."

पारोळा, धरणगाव, ते आठवडी बाजार, नऊ दिवसांचं ऊन. मामाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की दातखिळी कुठेच मिळणार नाही. आई म्हणाली तेच खरं, मनात आलं. कडब्याची गंज. पण दोन सुयांना घाबरून बासष्ट वर्षांचा माणूस नऊ दिवस उन्हात फिरेल, हे काही पटेना.

माझा चेहरा पडलेला बघून द्वारकाबाई उठल्या. "गेली असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "विसरले असं म्हणाले नव्हते."

पुढचे दोन तास काय झालं ते मला आजही नीट सलग सांगता येत नाही. त्यांनी चुलीवर कढई चढवली, गूळ फोडला. पाक झाला की नाही ते बघायला थेंब पाण्यात टाकायचा आणि तो ताटलीवर आपटून टण्ण वाजला पाहिजे. पहिला थेंब वाजला नाही, दुसरा वाजला. मग सुंठ, खसखस, आणि सगळं तेल लावलेल्या परातीत. खुंटी कुठली वापरायची हा प्रश्न होता, कारण जुनी खुंटी माहेरच्या घरात राहिली होती. शेवटी दाराच्या कडीला तेल लावलं. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, मध्ये कडी. पाक इतका गरम की तळहात भाजत होते, आणि थांबलं तर तो दगड होणार. द्वारकाबाई ओरडायच्या, ओढ, मी ओढायची, त्या म्हणायच्या, डॉक्टरीण ना तू, दात उपटतेस ना, ओढ. पाक आधी काळपट होता, मग विटकरी झाला, मग एकदम त्यात उजेड शिरावा तसा सोनेरी झाला, आणि द्वारकाबाई लहान मुलीसारख्या खिदळायला लागल्या. दळण घ्यायला आलेल्या दोन बायका दारातच उभ्या राहिल्या, कारण दार आमच्या ताब्यात होतं.

पहिला तुकडा त्यांनी मला दिला, दुसरा स्वतः घेतला. आधी गोड. मग तिखट. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत, दात आवळून, एक अक्षर न बोलता दहा मिनिटं बसलो. दळणवाल्या बायका काय झालं, काय झालं विचारत होत्या आणि आम्हाला नुसतं म्म म्म करून हसायला येत होतं. द्वारकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुंठेमुळे की कशामुळे, ते मी विचारूच शकत नव्हते.

निघताना त्यांनी वीस तुकडे केळीच्या पानात बांधून दिले. बेटावदला केळीचं पान मागावं लागत नाही. गाडीत बसल्यावर मला राहवेना, मी आणखी एक तोंडात टाकली, आणि तेवढ्यात परागचा फोन आला.

"प्रणिता, डीजेवाल्याला आज पक्कं सांगायचंय. सांगू ना?"

"म्म," मी म्हणाले.

"म्हणजे हो?"

"म्म."

"म्हणजे नाही का? तू रडतेयस का?"

मी फोन बंद करायचा तर त्याला आणखी वाटलं असतं, म्हणून चालू ठेवला आणि जमेल तसं म्म म्हणत राहिले. समोरच्या बाकावरचे गृहस्थ माझ्याकडे कणवेने बघत होते. पराग एकटाच बोलत होता. तुला आवडलं नसेल तर सांग. माझ्या मित्रांचं काय, ते कशावरही नाचतात. बरं, मी त्याला अजून हो म्हणत नाही. रडू नकोस. उद्या बोलू. लग्नाआधी आमचं झालेलं सगळ्यात मोठं भांडण ते हेच, आणि त्यात मी एक शब्दही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला दवाखान्यात बोलावलं. फक्त तपासायचंय म्हटलं. तो रात्रभर जागा होता, चोपड्याच्या लग्नात वरात लांबली होती, डोळे लाल. खुर्चीत बसला. मी ट्रे त्याच्यासमोर ओढला. ट्रेमध्ये हत्यारांच्या जागी केळीच्या पानाची एक गुंडाळी होती.

मामाने ती ओळखली, हात लावायच्या आधीच ओळखली. त्याने माझ्याकडे बघितलं, परत गुंडाळीकडे बघितलं. मग ती उचलून नाकाशी धरली आणि किती तरी वेळ नुसता वास घेत बसला. त्याच्या तोंडावरचं हसू इतकं हळूहळू पसरलं की मिशांची टोकं वर जाताना दिसली.

"ही कुठून आणली?"

"आधी खा."

त्याने खाल्ली. डोळे मिटले, मान मागे टाकली. एक मिनिट गेलं असेल. मग त्याची हनुवटी थांबली. जबडा घट्ट. मी त्याचीच वाट बघत होते. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"मामा, बन्सीबा वारले हे तुला माहीत होतं ना?"

मामाने डोळे उघडले. मान हलवली. हो.

"द्वारकाबाईंनी तुला सांगितलं होतं की आता कुणी करत नाही. तरी मला पारोळ्याला नेलंस. धरणगावला नेलंस."

हो.

"दातांना घाबरतोस म्हणून?"

मामाने मान हलवली. नाही. त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण दातखिळीने धरलं ते धरलंच. दोन्ही हातांनी गाल दाबून बघितले. मग टेबलाकडे बोट दाखवलं. मी तिथलं चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन त्याला दिलं. वर माझं नाव, डिग्री, भेटीची वेळ. त्याखाली मामाने चौथी पास अक्षरात, एकेक अक्षर वेगळं काढत लिहिलं आणि पॅड माझ्याकडे फिरवलं.

*तुझ्या लग्नात वाजवायचं होतं.*

मी ते वाचलं. मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. क्लॅरनेट तोंडात धरतात तेव्हा वरचे पुढचे दात त्याच्या टोकावर रोवलेले असतात. त्यांच्यावर सगळा भार. मामाच्या वरच्या दातांना झीज होती, मधोमध, एक छोटी खाच. ती खाच मी त्याच्या कागदांवर माझ्या हाताने नोंदवली होती आणि कारणाच्या जागी तंबाखू लिहिलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले.

मामाने पॅड परत घेतलं. *डीजे ठरला होता,* त्याने लिहिलं. मग थोडा विचार करून खाली आणखी लिहिलं, *वाटलं, दात असले तर शेवटच्या दिवशी कुणी म्हणेल, वाजव.*

मी उठून खिडकीपाशी गेले, कारण डॉक्टरने पेशंटसमोर रडू नये असं आम्हाला शिकवलं होतं. खाली खताची पोती उतरत होती. मागून मामाचा म्म म्म असा आवाज आला. वळून बघते तर तो तोंडात बोट घालून काहीतरी शोधत होता. दातखिळी सुटली होती, आणि तिच्यात रुतून खालची एक दाढही बाहेर आली होती. ना सुई, ना भूल. मामाने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे केली.

"एक झाली," तो म्हणाला. "दहा राहिले."

मग आम्ही दोघं असे हसलो की खालून खतवाल्यांनी माणूस वर पाठवला, काय झालं बघायला.

त्याच दुपारी मी परागला फोन केला आणि या वेळी शब्दांत बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कालपासून मला वाटत होतं लग्न मोडतंय, आणि प्रश्न क्लॅरनेटचा होता. गुलमोहर बँडला त्याने स्वतः फोन केला. मामाच्या हिरड्या मी साफ केल्या, आणि वरचे पुढचे सहा दात मागच्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधून टाकले, म्हणजे एकाचा भार दुसरा घेईल. हे किती दिवस टिकेल, मामाने विचारलं. मी म्हणाले, माझं लग्न लागेपर्यंत. ते दात पुढे लग्नानंतर नवव्या दिवशी मी काढले. मामा सांगितल्या वेळेला आला आणि हूं का चूं केलं नाही. कवळी बसल्यावर त्याने क्लॅरनेट बरेच महिने तोंडाला लावून बघितलं. खालचे सूर निघत, वरचे नाही. दिवाळीच्या सुमारास त्याने ते बँडमधल्या एका नव्या माणसाला देऊन टाकलं. मला हे त्याने महिनाभराने सांगितलं, तेही मी विचारलं तेव्हा.

पण लग्न. द्वारकाबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या आणि अहेर म्हणून त्यांनी पातेलंभर दातखिळी आणली होती. ती कुणीतरी नकळत वऱ्हाडाच्या नाश्त्यात वाटली. त्यामुळे नाशिककडची सगळी मंडळी सकाळी साडेअकरापर्यंत अतिशय शांत होती, आणि आईला वाटलं की माणसं फारच घरंदाज मिळाली.

मुहूर्त बारा वीसचा. अंतरपाट धरला गेला, पराग पलीकडे उभा. भटजींनी माईकवर पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी खोलीच्या दारात उभी होते. पिवळी साडी, मुंडावळ्या, रापलेलं तोंड. मामा आला तो बँडच्या लाल कोटात, खांद्यावर सोनेरी झालर, हातात क्लॅरनेट. मुलीचा मामा मुलीचा हात धरून आणतो. मामाचे दोन्ही हात गुंतलेले होते. तो म्हणाला, "कोट धर." मी त्याच्या कोटाची मागची बाजू मुठीत धरली.

आणि त्याने वाजवायला सुरुवात केली.

दारापासून बोहल्यापर्यंत पंचवीस पावलं असतील. मामा तीन पावलं पुढे जायचा आणि दोन मागे यायचा. मागे आला की मी पण मागे. सूर वर चढत गेला की तो थांबायचा, टाचा उचलायचा, आणि तो सूर असा धरून ठेवायचा की माणसं श्वास रोखायची, मग सोडून द्यायचा. पंचवीस वर्षं मी हे वाजवणं ऐकत आले होते, म्हणजे ऐकत नव्हते, घरातल्या पंख्यासारखं ते चालू असायचं. आता त्याच्या पाठीमागे उभी राहून मला कोटातून त्याच्या बरगड्या हलताना कळत होत्या. ढोलवाला कुठून तरी येऊन सामील झाला. माझ्या होणाऱ्या सासूबाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी पर्स दुसऱ्या बाईकडे दिली आणि नाचायला लागल्या. परागच्या मित्रांचा तर प्रश्नच नव्हता. परागने अंतरपाटावरून मान वर काढून बघितलं, कुणीतरी त्याचं डोकं खाली दाबलं. भटजी दोनदा माईकवर म्हणाले, मामा, मुहूर्त टळतोय. मामाने भुवया उडवून त्यांना थांबा म्हणून सांगितलं आणि परत दोन पावलं मागे आला. तिसऱ्यांदा भटजी काही बोलले नाहीत. ते अक्षतांच्या ताटावर बोटांनी ठेका धरत होते.

लग्न किती वाजता लागलं, हे पत्रिकेवर वेगळं आहे आणि व्हिडिओत वेगळं. त्या दिवशी कुणी घड्याळ पाहिलं नव्हतं. आईला कुणी विचारलं तर ती अजूनही सांगते, "सुपडूचा दम संपला, तेव्हा लागलं."